कानांनी वाचलेला कोड

‘फॉर, लेफ्ट पॅरन, इंट आय इक्वल्स झीरो, सेमी, आय लेस दॅन टेन, सेमी, आय प्लस प्लस, राइट पॅरन, लेफ्ट ब्रेस.’

सी भाषेतली ही एक ओळ आहे. एखादं काम दहा वेळा कर, एवढंच ती संगणकाला सांगते. डोळस विद्यार्थी ती एका नजरेत टिपतो. अंध विद्यार्थ्याला स्क्रीन रीडर ती अशी, कंस आणि अर्धविरामांसकट ऐकवतो. सराव झाला की हा आवाज इतका वेगानं लावला जातो, की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर ऐकू येते. ऐकणारा मात्र त्यातूनच न मिटवलेला कंस बरोबर पकडतो. असे प्रोग्रामर जगभर आहेत, भारतातही आहेत आणि त्यांच्या कामात कुणाला सवलत द्यावी लागत नाही.

स्क्रीन रीडरबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यायला हवी. तो पडद्याकडे बघत नाही. पडद्यावर कुठे बटण आहे, कुठे चौकट आहे, त्यात काय लिहिलंय, ही माहिती त्या त्या सॉफ्टवेअरनं कार्यप्रणालीकडे द्यायची असते. स्क्रीन रीडर ती तिथून उचलतो आणि बोलून दाखवतो किंवा ब्रेल डिस्प्लेच्या टिंबांवर उमटवतो. बटण बनवणाऱ्यानं त्याला नाव दिलं नसेल, तर स्क्रीन रीडर फक्त ‘बटण’ म्हणतो. ते अर्ज पाठवणारं आहे की पुसून टाकणारं, हे दाबल्यावरच कळायचं. पुढे या प्रकरणात जे अडथळे येतील त्यांतले बरेचसे याच जातीचे आहेत. कुणीतरी करायची एक साधी गोष्ट केलेली नसते आणि तिची किंमत दुसराच कुणी मोजत असतो.

गंमत अशी, की संगणक हा अंधांना सोयीचा व्यवसाय आहे असं फार पूर्वीच लोकांच्या लक्षात आलं होतं. अमेरिकेत १९६०च्या दशकातच अंध प्रोग्रामर तयार करण्यासाठी प्रशिक्षण सुरू झालं. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं त्यासाठी समितीही नेमली. तेव्हाच्या अवाढव्य लाइन प्रिंटरवर कागदामागे लवचीक पट्टी लावायची आणि पूर्णविरामाची टिंबं जोरानं उमटवून ब्रेल छापायचं, अशी युक्ती लोक वापरत. त्यानंतरचा टर्मिनल आणि डॉसचा काळ तर सगळा अक्षरांचाच होता. आज्ञा टाइप करायची, उत्तर ओळीत यायचं, आवाजाला आणखी काय हवं? टेड हेंटर हा मोटरसायकल शर्यतींत उतरणारा अभियंता १९७८ साली गाडीच्या अपघातात दृष्टी गमावून बसला, नंतर प्रोग्रामिंगकडे वळला आणि १९८९ साली त्याच्या कंपनीनं ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर बाजारात आणला. तो आजही चालू आहे.

मग खिडक्या, चित्रं आणि माउस आले. डोळसांचं काम सोपं झालं आणि स्क्रीन रीडरना वाचायला अक्षरंच सापडेनात. डॉसवर सुरळीत काम करणाऱ्या अंध कर्मचाऱ्यांना ऑफिसात विंडोज येणार म्हटलं की नोकरीची धास्ती वाटायची. विंडोजवर चालणारे चांगले स्क्रीन रीडर आले ते १९९०चं दशक निम्मं सरल्यावर. मधल्या काळात जे मागे पडले, त्यांची आकडेवारी कुणी ठेवली असेल असं वाटत नाही.

नेमक्या त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठात पुण्याचा एक विद्यार्थी पीएचडी करत होता. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ सालचा. लहानपणी थोडं दिसत असे, पण काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी ते पूर्ण अंध झाले. पुण्याच्या नौरोसजी वाडिया कॉलेजात त्यांनी गणितात पदवी घेतली आणि मग आयआयटी मुंबईत गणित आणि संगणकशास्त्र घेऊन एम.एस्सी. केलं. तिथे शेवटच्या वर्षी त्यांनी गणितातले वक्र आवाजातून ‘दाखवणारा’ एक प्रोग्राम लिहिला होता. आलेख वर चढला की सूर चढायचा, खाली आला की उतरायचा, अशा जातीची ही कल्पना. पुढे कॉर्नेलमध्ये तिचं मोठं रूप तयार झालं, ते म्हणजे ‘ॲस्टर’. गणिताचे शोधनिबंध ज्या लाटेक भाषेत टाइप होतात, ती भाषा हा प्रोग्राम समजून घेई आणि समीकरणं बोलून दाखवी. घातांक आला की आवाजाची पट्टी वर जायची, पायाशी लिहिलेला अंक आला की खाली. लांबलचक समीकरणात आधी नुसता सांगाडा ऐकायचा, मग हव्या त्या भागात शिरायचं. डोळस माणूस समीकरणावर नजर फिरवताना नकळत हेच करत असतो. या प्रबंधाला एसीएमचं सर्वोत्तम प्रबंधाचं पारितोषिक मिळालं. ॲस्टर हे रामन यांच्या वाटाड्या कुत्र्याचं नाव.

रामन यांचं दुसरं काम प्रोग्रामरांच्या जास्त जवळचं आहे. ईमॅक्स या कोड लिहायच्या संपादक-प्रोग्रामला त्यांनी वाचा दिली. ‘ईमॅकस्पीक’ १९९५ साली लोकांच्या हाती आलं आणि १९९९ साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहातही गेलं. त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. पडद्यावर महिन्याचं कॅलेंडर आहे असं समजा. साधा स्क्रीन रीडर ओळ वाचतो: तीन, चार, पाच, सहा. त्यातली चार तारीख कोणत्या वारी, ते ऐकणाऱ्यानं रकाने मोजत शोधायचं. पण कॅलेंडर दाखवणाऱ्या प्रोग्रामला वार आधीपासून माहीतच असतो! ईमॅकस्पीक थेट त्यालाच विचारतं आणि वार, तारीख, महिना एका दमात सांगतं. कोड वाचतानाही तेच. टिपणीचा आवाज वेगळा, भाषेतल्या राखीव शब्दांचा वेगळा. रंगांनी डोळ्यांना जी मदत होते, ती इथे स्वरांनी होते. २००५ साली रामन गूगलमध्ये गेले आणि अँड्रॉइड फोन व क्रोम ब्राउझर अंधांना वापरता यावेत यासाठी तिथे झालेल्या कामात त्यांचा मोठा वाटा राहिला.

आपल्याकडे अशी चरित्रं ‘जिद्द’ या एका सदरात घालायची पद्धत आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की वर्तमानपत्रांत पेढा भरवतानाचा फोटो येतो, खाली ‘अंधत्वावर मात’ असा मथळा. तो विद्यार्थी पुढे कोणत्या शाखेत गेला आणि तिथे त्याला पुस्तकं मिळाली का, ही बातमी काही येत नाही. रामन यांच्याकडे जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? पण भाऊ आणि मदतनीस त्यांना पाठ्यपुस्तकं वाचून दाखवत होते, आयआयटीत राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी पाळीपाळीनं वाचक म्हणून बसत होते, हा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. जिद्द कुणाला वाटता येत नाही. वाचक नेमता येतो, पुस्तक वाचनसुलभ रूपात देता येतं.

ते देणं आज पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त झालं आहे. मायकल करन आणि जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांना हजारो रुपये मोजून स्क्रीन रीडर घ्यावा लागणं हाच अन्याय वाटत होता. करन यांनी २००६ साली ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला. तो मोफत आहे, पायथन भाषेत लिहिलेला आहे, कोड सगळ्यांना खुला आहे आणि मराठीही बोलतो. आवाज थोडा यांत्रिक आहे, पण कान त्याला लवकर सरावतो. कायद्याची बाजूही सुधारली. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा दिव्यांगांसाठी पुस्तकाचं रूपांतर करायला मोकळीक देतो, आणि याच विषयावरच्या माराकेश कराराला २०१४ साली सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं.

आणि तरीही मराठी विद्यार्थी अडतो, एका फाँटवर. आपल्याकडे वर्षानुवर्षं कार्यालयांत, छापखान्यांत आणि क्लासच्या नोट्समध्ये जुने, युनिकोड नसलेले फाँट वापरले गेले. त्यांत संगणकाच्या लेखी साठवलेली असतात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाँट फक्त त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. डोळ्यांना ‘प्रवेश अर्जाची अंतिम तारीख’ असं स्वच्छ मराठी दिसतं. स्क्रीन रीडर आत काय साठवलंय ते विचारतो, आणि विद्यार्थ्याच्या कानावर इंग्रजी अक्षरांचा, डॉलरच्या आणि टक्क्यांच्या खुणांचा अर्थहीन पाढा पडतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. याहून वाईट प्रकार म्हणजे सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ. ती म्हणजे नुसता फोटो, स्क्रीन रीडर तिच्यासमोर गप्प. ‘आमच्याकडे कुणी अंध विद्यार्थी अर्जच करत नाही’ असं सांगणाऱ्या कॉलेजांनी आपला अर्ज कोणत्या फाँटमध्ये आहे ते आधी तपासावं.

अर्थात अर्जापर्यंत पोचायच्या आधीच बरेच जण गळतात, आणि ती गळती गणितात होते. अंधशाळेत टेलर फ्रेम या अंकपाटीवर आणि अबॅकसवर बेरीज-गुणाकार उत्तम शिकवले जातात. बीजगणित आणि भूमिती आली की मात्र शिक्षकांची उमेद आटते. ‘कशाला त्रास घेतोस, सोपा विषय घे’ हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं. सोप्या विषयाची ही वाट फक्त अंध मुलांपुरती नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा एक विषय घेण्याची मुभा मिळाली. काही मुलांसाठी ही सवलत खरोखरच तारक आहे. पण ज्याला तर्क उत्तम जमतो आणि फक्त वाचन-लेखन अडतं, अशा मुलानं ती घेतली, तर अकरावी विज्ञान आणि इंजिनिअरिंग दोन्ही पंधराव्या वर्षी संपतात. सवलतीच्या अर्जावर सही करताना हे पालकांना कुणी समजावून सांगतं का? माझ्या पाहण्यात तरी क्वचितच.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या अब्राहम नेमेथ या जन्मांध विद्यार्थ्याला गणित शिकायचं होतं. सल्लागारांनी त्याला मानसशास्त्राकडे वळवलं. पदव्युत्तर शिक्षणानंतरही मनासारखं काम मिळेना, तेव्हा नेमेथ गणिताकडे परतले, १९५२ साली गणितासाठीची ब्रेल लिपी तयार केली आणि पुढे डेट्रॉइट विद्यापीठात संगणकशास्त्राचा अभ्यासक्रमही उभा केला. भारतात अंध असलेल्या श्रीकांत बोल्ला यांना आंध्र प्रदेशात दहावीनंतर विज्ञान शाखा मिळवण्यासाठी कोर्टात जावं लागलं. नंतर ते एमआयटीत शिकले. दिल्लीचे कार्तिक साहनी, हेही अंध, सीबीएसईतून विज्ञान शाखेत ९६ टक्के मिळवून बारावी झाले, पण आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचं दार उघडेना. ते स्टॅनफर्डला जाऊन संगणकशास्त्र शिकले. आपल्या मुलांना परदेशी विद्यापीठं घेतात याचा अभिमान बाळगण्याआधी इथे त्यांना कुणी आणि का अडवलं, याची थोडी लाज बाळगायला हरकत नाही.

आता २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मधल्या इयत्तांपासून कोडिंग आणायचं ठरवलं आहे. लहान मुलांना कोडिंग शिकवायचं म्हणजे रंगीत ठोकळे माउसनं ओढून एकमेकांत बसवायचे, हे जवळजवळ ठरून गेलंय. स्क्रॅच हे त्यातलं सर्वांत लोकप्रिय साधन. पण जो ठोकळा दिसत नाही तो ओढायचा कसा? म्हणजे जो विषय मुळात अक्षरांचा होता, त्याची पहिली पायरीच आपण चित्रांची करून ठेवली. यावर चांगलं काम झालेलं आहे. केंब्रिजच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये तयार झालेलं आणि २०१९ साली अमेरिकन प्रिंटिंग हाउस फॉर द ब्लाइंड या संस्थेकडे सोपवलेलं ‘कोड जंपर’ हे खेळणं बघा. हाताला लागतील असे मोठे प्लॅस्टिकचे डबे, एकमेकांना वायरनं जोडायचे, खुंट्या फिरवून आवाज बदलायचे; जोडणी हाच प्रोग्राम आणि तो चालवला की गाणं वाजतं. अंध आणि डोळस मुलं एकाच टेबलावर बसून ते जोडतात, हे त्यातलं मला सर्वांत आवडलेलं. बंगळुरूची व्हिजन एम्पॉवर ही संस्था अंधशाळांमधून अशाच पद्धतीनं गणित आणि संगणक-विचार शिकवते आहे.

थोड्या मोठ्या मुलांसाठी अँड्रियास स्टेफिक यांची ‘क्वोरम’ ही भाषा आहे. तिचा व्याकरण-विचार अंध विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून सुरू झाला. महिरपी कंसांची रांग नाही, जिथे तुकडा संपतो तिथे ‘एंड’ हा शब्द. कानाला शब्द सोपा, कंसांची गणती अवघड. मजा म्हणजे नवशिक्या डोळस विद्यार्थ्यांनाही असं व्याकरण सोपं जातं. पायथनमध्ये उलटी अडचण येते, कारण तिथे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या कोऱ्या जागेलाच अर्थ असतो आणि कोरी जागा ऐकू येत नाही. एनव्हीडीएमध्ये ती बोलून किंवा सुराच्या उंचीनं सांगण्याची सोय आहे. फक्त ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. हे ठाऊक नसलेल्या शिक्षकानं ‘तुला पायथन जमणार नाही’ असं सांगून टाकलं, तर चूक कुणाची?

वर्गात खरी कसोटी लागते ती आकृत्यांची. डेटा स्ट्रक्चर शिकवताना प्राध्यापक फळ्यावर झाड काढतात आणि म्हणतात, ‘हा इथून इकडे गेला, मग हा त्याच्या जागी आला.’ अंध विद्यार्थ्याला त्यातून शून्य कळतं, आणि खरं सांगायचं तर मागच्या बाकावरच्यांनाही फारसं नाही. ‘आठचं डावं मूल तीन, उजवं दहा, तीन काढल्यावर त्याच्या जागी एक’ असं नावानिशी बोललं की सगळ्यांचीच सोय होते. उठावाच्या आकृत्यांसाठी आयआयटी दिल्लीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटानं मोठं काम उभं केलं आहे. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये २००३ पासून चालणारं एक्सआरसीव्हीसी हे केंद्र विज्ञान-गणिताच्या वाटेवरच्या अंध विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतं. यांतलं काहीच हाताशी नसेल, तर पुठ्ठ्यावर लोकरीचा धागा चिकटवून ग्राफ काढता येतो.

इथवर अंध विद्यार्थ्यांविषयीच जास्त लिहिलं, कारण संगणकाचा पडदा आणि त्यांचा झगडा सर्वांत उघड आहे. कर्णबधिर विद्यार्थ्याला कोड दिसतो, म्हणून त्याचं सगळं ठीक आहे असं लोक धरून चालतात. पण प्रोजेक्टरवरचा कोड आणि बाजूला उभ्या दुभाष्याचे हात एकाच क्षणी बघता येत नाहीत. शिक्षकानं ओळ दाखवून थांबायचं, मग बोलायचं, एवढी शिस्त हवी. शिवाय ज्याची पहिली भाषा खुणांची, त्याला मराठी दुसरी आणि प्रोग्रामिंगच्या पुस्तकांचं इंग्रजी तिसरी. भारतीय सांकेतिक भाषेचा सरकारी कोश २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांवर पोचला, तरी तांत्रिक शब्द आला की पुष्कळदा बोटांनी एकेक अक्षर दाखवण्याची वेळ येते.

हातांवर ताबा नसलेल्यांच्या सोयी तर तुमच्या संगणकात आधीच बसलेल्या आहेत. शिफ्टचं बटण चुकून पाच वेळा दाबल्यावर जी वैतागवाणी चौकट येते, ती एका बोटानं किंवा तोंडात धरलेल्या काडीनं टाइप करणाऱ्यासाठी आहे. दोन बटणं एकदम दाबण्याऐवजी ती एकामागून एक दाबली तरी चालतात. स्वमग्न तरुणांच्या बाबतीत अडचण बहुधा मुलाखतीत येते, कामात नाही. एसएपी या जर्मन कंपनीनं २०१३ पासून अशा उमेदवारांसाठी भरतीची पद्धतच बदलली, आणि तिचा पहिला प्रयोग भारतात झाला होता.

मुलाखतीचं निघालंच आहे, तर भरतीच्या ऑनलाइन परीक्षांबद्दल बोलायलाच हवं. कॉपी पकडणारं सॉफ्टवेअर इतर सगळे प्रोग्राम बंद करतं. त्यात स्क्रीन रीडरही बंद पडतो. कॅमेऱ्याकडे बघत राहा, असा आदेश येतो. ज्याला दिसत नाही त्याची नजर भिरभिरते आणि यंत्र त्याला संशयित ठरवतं. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवण्याच्या अशाच सक्तीविरुद्ध ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक अंध नागरिक सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्याआधी २०२१ साली विकाश कुमार खटल्यात न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं सांगितलं होतं, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्क्यांच्या प्रमाणपत्राची अट लावता येणार नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीसवर नेले, सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखल्या. कायदा चांगला आहे. जागा मात्र रिकाम्या राहतात, कारण तिथवर पोचणारी मुलं आपण नववी-दहावीतच वळवून टाकतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात दिव्यांगांची नोंद सुमारे २९ लाख ६३ हजार होती. त्यांतल्या प्रत्येकाला प्रोग्रामर व्हायचं नाही, व्हायलाही नको. पण ज्याला व्हायचंय त्याला अडवू नये, यासाठी फार मोठी योजना लागत नाही. तुम्ही शिक्षक असाल, तर फळ्याकडे बोट दाखवून ‘हे’ आणि ‘ते’ म्हणणं सोडा. पालक असाल, तर गणित वगळण्याच्या अर्जावर सही करण्याआधी अकरावीच्या प्रवेशाच्या अटी वाचा. वेबसाइट बनवत असाल, तर एनव्हीडीए उतरवून घ्या, मॉनिटर बंद करा आणि स्वतःचाच फॉर्म भरून बघा. आणि कार्यालयात बसत असाल, तर उद्याचं परिपत्रक युनिकोडमध्ये टाइप करा आणि त्याची पीडीएफ स्कॅन न करता थेट बनवा.